एका ओळीतले देव

आमच्या कारखान्यात सकाळी आठ वाजता देव रांगेत उभे राहून बिल्ला घेतात. थट्टा वाटत असेल तर कधी बुऱ्हाणपूरजवळ दापोऱ्याच्या रस्त्याला या आणि आमच्या फाटकात पाच मिनिटं थांबा. कुणाची तुळशीची माळ, कुणाचा दंडावरचा तावीज, कुणाचा बोटातला पुष्कराज, कुणाचं गणपतीचं लॉकेट, सगळे एकामागून एक उतरतात, आपापल्या खणात जाऊन बसतात, आणि भक्ताच्या हातात ॲल्युमिनियमचा गोल बिल्ला येतो. संध्याकाळी पाचला बिल्ला द्यायचा आणि देव घ्यायचा. हे सगळं उभ्याने, डोळ्यांत तेल घालून पाहणारा जो साठीला टेकलेला सरळसोट गृहस्थ तुम्हाला दिसेल, तेच आमचे शिंपी साहेब.

कारखाना केळीच्या वेफर्सचा आहे. मी तिथे स्टोअर सांभाळतो, म्हणजे तेलाचे डबे आणि पुठ्ठ्याची खोकी यांच्या संगतीत बसून चहा पितो. शिंपी साहेब एचआर मॅनेजर. आडनाव शिंपी आणि वडिलांचा धंदाही शिंप्याचाच, बुऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यात दुकान होतं. साहेबांनी बी. कॉम. करून नोकरी धरली खरी, पण बोटांतली कात्री काही गेली नाही. गळ्यात कायम इंचटेप. समोरच्याचं नाव विसरतील, छातीचं माप विसरणार नाहीत. मला पहिली दोन वर्षं ते "अडतीस" म्हणूनच ओळखत होते. मध्ये एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "चौधरी, तुम्ही बेचाळीसवर गेलात. मावाजिलबी कमी करा." बायकोने वीस वर्षांत इतकं लागट बोललेलं नाही.

कंपनीचा कुठलाही नवा नियम आला की आम्ही आधी शिव्या घालायचो आणि मग पाळायचो. शिंपी साहेब तो कागद दोन दिवस टेबलावर नुसता ठेवून द्यायचे. शेठ विचारायचे, लावला का नोटीस बोर्डावर? साहेब म्हणायचे, "शेठ, नियम कापडासारखा असतो. आधी भिजवा, आटू द्या, मग बेता. अंगाला होत नाही हे शिवल्यावर कळून उपयोग नाही." आणि कागद खाली ठेवताना वर हेही ठरलेलं, की शिवणीत आत दोन बोटं माया राहू द्या, म्हणजे पुढे माणूस सुटला तरी उसवून मोठं करता येतं. शेठना यातलं किती कळायचं देव जाणे, पण ते मान डोलवून निघून जायचे.

तर हा देवांच्या बिल्ल्यांचा प्रकार सुरू झाला एका टिकलीवरून. कुठल्याशा शहरात एका बाईंना आमच्या वेफर्सच्या पाकिटात एक मरून रंगाची टिकली सापडली. चांगल्या बाई असाव्यात, कारण त्यांनी ती टिकली पाकिटात घालून परत पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, "ज्यांची असेल त्यांना द्यावी." निवडीच्या टेबलावरच्या बायकांत ती टिकली फिरली, पण कुणी आपली म्हणून कबूल करेना. आमचे वेफर्स घेऊन स्वतःच्या नावाने विकणारी जी बडी कंपनी होती तिला मात्र हसू आलं नाही. तिच्या तपासणीवाल्या मॅडम आल्या आणि यादी देऊन गेल्या. तळणीच्या आणि निवडीच्या हॉलमध्ये टिकली नको, अंगठी नको, दोरा नको, माळ नको, टाचणी नको, उघडी दाढी नको, बांगडी तर नकोच नको.

शेठ म्हणाले, उद्यापासून सगळं काढा. शिंपी साहेबांनी कागद भिजत घातला.

मग ते एकेका माणसाला बोलावून विचारू लागले, "तुझ्या अंगावर असं काय आहे जे निघत नाही? आणि का निघत नाही?" उत्तरं त्यांनी एका जाड वहीत लिहून ठेवली. ती वही मी चोरून वाचली आहे. एका पानावर होतं : "लाल दोरा. आईने बांधला. आई गेली. आपोआप तुटेल तेव्हाच." आणि समोर साहेबांच्या अक्षरात शेरा : "निळ्या चिकटपट्टीखाली झाकावा." दुसऱ्या पानावर : "पुष्कराज. ज्योतिषाने सांगितला. लग्न ठरेपर्यंत." शेरा : "लग्न ठरले. काढला. आता पश्चात्ताप आहे, पण तो नियमात येत नाही."

निवडीच्या टेबलावरच्या रशीदाच्या स्कार्फला पाच टाचण्या लागायच्या. साहेबांनी कागदावर बिनटाचणीचा, इलॅस्टिकचा स्कार्फ बेतला, माप तिच्या अम्मीला घ्यायला लावलं, आणि घरच्या पायमशीनवर शिवून आणला. रशीदा खूश झालीच, पण आठवड्याभरात टेबलावरच्या साऱ्या बायका, काय हिंदू आणि काय मुसलमान, तोच स्कार्फ मागू लागल्या, कारण कंपनीच्या जाळीच्या टोपीने कान खाजायचे. टिकलीवर मात्र साहेबांना तोडगा सापडला नाही. आमच्या कौतिकबाईंच्या कपाळावर लहानपणीच गोंदलेलं होतं, तेवढं एकच कपाळ नियमात बसलं. बाकीच्यांनी फाटकात टिकली काढून आरशाला चिकटवायची ठरली, आणि थोड्याच दिवसांत आरशात तोंड दिसेनासं झालं.

राहिल्या माळा, तावीज, लॉकेटं. त्यांच्यासाठी सुताराकडून तीन मजली खणांची मांडणी करून आणली. पहिल्याच सकाळी गोंधळ. माळकरी म्हणाला, माझी माळ खालच्या फळीवर आणि याची अंगठी वर, हे काय? तावीजवाला म्हणाला, मग माझ्या डोक्यावर कुणी का बसावं? अर्धा तास कढया थंड, केळी काळी पडताहेत, आणि इकडे वर कोण खाली कोण याचा निवाडा चाललेला. शिंपी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, सुताराला परत बोलावलं आणि ती मांडणी उभी चिरून एका ओळीत लावली. वर कुणी नाही, खाली कुणी नाही.

हे न्यायाचं झालं, पण लांबीचं काय? ती ओळ फाटकापासून निघाली, हजेरीच्या खिडकीखालून गेली, कँटीनच्या भिंतीला वळली आणि थेट संडासाच्या दारापाशी जाऊन थांबली. आता तिथल्या शेवटच्या सहा खणांत कुणाचा देव ठेवायचा? गावात दंगल व्हायला एवढं पुरे. साहेब इंचटेप घेऊन दोन दिवस त्या भिंतीपुढे फिरले आणि तिसऱ्या दिवशी त्या सहा खणांवर पाटी लागली : "मोबाइल." मला म्हणाले, "हेही दैवतच आहे चौधरी, पण याला वास चालतो."

स्वतः साहेबांच्या अंगावर मात्र काही म्हणजे काही नव्हतं. दोरा नाही, अंगठी नाही, गंधाचा ठिपका नाही. मला वाटायचं, हा माणूस नास्तिक असणार, म्हणूनच सगळ्यांच्या देवांना सारखाच भाव देतो. तसं मी एक-दोघांना सांगूनही टाकलं होतं.

बांगड्यांचं प्रकरणही सुरुवातीला सोपं गेलं. मंगळसूत्राला मॅडमनी बंद गळ्याच्या ॲप्रनखाली परवानगी दिली, काचेला मुळीच नाही, आणि ते रास्तच होतं. वेफरमध्ये काच गेली तर खाणाऱ्याचं काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बायका कुरकुरल्या, मग त्यांनी एक माप सैल बांगड्या भरून घेतल्या. फाटकात काढायच्या, पाचला घालायच्या. नवरा धडधाकट असला की बाईला त्याचं फारसं काही वाटत नाही. दोन-तीन जणींना तर बरंच वाटलं असावं.

अडून बसली ती एकटी सुगंधाबाई.

सुगंधाबाई दापोऱ्याची. चाळिशीची, शांत, निवडीच्या टेबलावर तिच्यासारखा हात दुसरा नव्हता. शंभर चकत्यांतली एक करपट चकती ती न बघता उचलायची. तिचा नवरा भागवत केळीचे ट्रक भरायचा. महिन्याभरापूर्वी तो भरल्या ट्रकवरून पडला, कंबर मोडली, ऑपरेशन झालं आणि ताप काही उतरेना. दवाखान्यात त्याच्याजवळ दिवसा त्याची म्हातारी आई बसायची, संध्याकाळी सुगंधाबाई. घर चालत होतं ते तिच्या एकटीच्या पगारावर. आणि तिने इच्छापूरच्या देवीला बोलून ठेवलं होतं, की माणूस पायांनी चालत घरी येईपर्यंत हात रिकामा करणार नाही.

शेठनी सरळ सांगितलं, तीन आठवड्यांनी मॅडम येतील, एक काच दिसली तर कंत्राट जाईल, तेव्हा बांगड्या तरी जातील नाही तर बाई तरी.

ती फाटकात साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा मी तिथेच होतो. "साहेब, जोडवे मागा, देते. नाकातली मागा, देते. बांगड्या नही देणार. माणूस खाटेवर पडेल आहे माझा."

"नोकरी जाईल गं."

"मले माहीत आहे. मी काय येडी आहे का?" तिने डोळ्याला पदर लावला. "पन तुम्हीच सांगा, देवीले बोलेल शब्द मी कसा मोडू?"

साहेबांनी तिच्या मनगटाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "सव्वादोनचं माप. फार घट्ट आहेत. फोडल्याशिवाय निघणार नाहीत." त्या दिवशी तिला त्यांनी आजारपणाच्या रजेवर घरी पाठवलं. आजारपण कुणाचं ते अर्जात लिहिलं नाही.

पुढचा आठवडा साहेबांचं कशात लक्ष नव्हतं. बांगड्यांवरून लांब बाही शिवून पाहिली. मॅडम फोनवर म्हणाल्या, काच आत फुटली तरी बाहेर येतेच. मग त्यांच्या डोक्यात आलं की काचेऐवजी कापडाच्या बांगड्या शिवाव्यात, बाहीलाच, हिरव्या, प्रत्येक हाताला आठ. फोनवर मॅडम म्हणाल्या, "हिरवं अजिबात नको. कच्च्या केळ्याच्या सालीत हिरवा धागा दिसणार नाही. निळा करा." निळ्या बांगड्या! नवरा दवाखान्यात आणि बाईच्या हातात निळं. सुगंधाबाईने ते ऐकूनच कानांवर हात ठेवले.

शेवटी साहेबांनी मणियार चाचांना गाठलं. मणियार म्हणजे बांगड्या भरणारे. चाचांनी पन्नास वर्षं आसपासच्या गावांतल्या लेकी-सुनांचे हात भरलेत. लग्नाची बांगडी किती, ओटीची किती, कुठल्या सणाला कुठला रंग, हे त्यांना आमच्या भटजींपेक्षा जास्त कळतं आणि भटजीही खासगीत ते मान्य करतात. चाचांसमोर बांगडी फुटली असं म्हणायची सोय नाही. "वाढली म्हना, वाढली," असं ते लगेच दटावतात.

चाचा स्टोअरमध्ये माझ्या खुर्चीवर बसले, मी खोक्यावर. साहेबांनी प्रश्न मांडला. कापडाची बांगडी देवीला चालेल का?

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"देखो साहब," ते म्हणाले, "काच नसंल तेव्हा दोरा बांधतात की नाही हाताले? चालतो. दोरा चालतो, तर दोऱ्याची शिवण कायले नाही चालणार? वो भी चलेगी. पर हरा रंग अंदर से चाहिए, चमड़ी को लगना चाहिए. ऊपर का क्या, ऊपर से कुछ भी रखो. देवी ऊपर का थोड़ी देखती है."

साहेब उठून उभेच राहिले. आत हिरवं, बाहेर निळं! त्यांनी चाचांचा हात धरून इतका हलवला की चाचा म्हणाले, "आहिस्ता, इसी हाथ की खाता हूँ."

दोन रविवार साहेब पायमशीनवर बसले. मी एका रविवारी चहाला म्हणून गेलो होतो. सिंधीपुऱ्यातलं वडिलांचं दुकान आता बंद आहे, वरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहतात, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. चहा मलाच करावा लागला. साहेब बाहीच्या आत हिरव्या सुती कापडाच्या बारीक पट्ट्या शिवत होते, आठ इकडे, आठ तिकडे, आणि मनाला येत नाही म्हणून उसवत होते. एकेक कडी त्यांनी चार-चार वेळा उसवली असेल.

सोमवारी सकाळी सुगंधाबाई आली. चाचा आले. पाळी सुरू व्हायला अवकाश होता, टेबलावरच्या बायका भोवती जमल्या. चाचांनी तिच्या हाताला खोबरेल तेल चोळलं, अंगठा तळव्यात दुमडला, आणि काय केलं कोण जाणे, सव्वादोनच्या त्या बांगड्या एकेक करून न फुटता बाहेर येऊ लागल्या. प्रत्येक बांगडीला चाचा पुटपुटत होते, "आती है, वापस आती है." दोन्ही हातांत एकेक राहिली तेव्हा त्यांनी साहेबांना खूण केली. साहेबांनी बाह्या वर चढवून मनगटाच्या वर तयार धरायला लावल्या, म्हणजे काच निघताक्षणी कापड खाली यावं.

आणि सुगंधाबाईने मुठी आवळल्या.

"साहेब," ती म्हणाली, "आन काही झालं तर?"

ज्या माणसाकडे टाचणीपासून दाढीपर्यंत सगळ्याला उत्तर होतं, त्याच्याकडे आम्ही सगळे बघत होतो.

"माझ्यावर," शिंपी साहेब म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मुठी सोडल्या. बांगड्या निघाल्या, बाह्या खाली सरकल्या. तिने आतून बोट घालून हिरव्या पट्ट्या चाचपल्या, आठ मोजल्या, दुसऱ्या हाताच्या आठ मोजल्या आणि टेबलाकडे गेली. तिच्या बांगड्या खणात ठेवून साहेबांनी बिल्ला तिच्या हातात दिला. सकाळी बांगड्या उतरवायला आणि पाचला त्याच पुन्हा भरून द्यायला चाचा सायकलवरून येत. रोज. सैल माप द्या की म्हटलं तर म्हणाले, "हातात नाचनारी बांगडी मी भरत नही, बाकीच्या बायांच्या सैल बांगड्या ज्यानं भरल्या, ते पाप त्याच्या माथी."

त्या सोमवारपासून एक नवीनच गोष्ट घडू लागली. शिंपी साहेब दुपारी एकला गायब व्हायचे. कधीही फाटक न सोडणारा, डबा उभ्यानेच खाणारा हा माणूस मोपेडला लाथ मारून बुऱ्हाणपूरच्या दिशेने जायचा आणि बरोबर दोनच्या आत परत. घामाने निथळत, डबा तसाच. आम्ही चर्चा केली. साहेबांना साखर आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तेव्हा हे नक्की मावाजिलबीचं प्रकरण असणार, असं माझं ठाम मत पडलं. माझ्या बेचाळीस छातीचा सूड घ्यायची अशी संधी पुन्हा कधी आली असती? गुरुवारी मी त्यांच्या मागे माझी गाडी काढली.

जिलबीचं दुकान आलं आणि गेलं. साहेबांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मोपेड दवाखान्याच्या आवारात शिरली.

मी वॉर्डच्या दारात थांबलो. आत भागवत उताणा पडलेला होता, गालफडं बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. म्हातारी जेवायला बाहेर गेली असावी. साहेब खाटेजवळच्या स्टुलावर ताठ बसून भागवतच्या छातीकडे बघत होते. मापाची सवयच ती, पण आता टेप खिशात होती. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. साहेब नुसते बघत होते.

"साहेब," भागवत क्षीण आवाजात म्हणाला, "तुम्ही रोज कायले येता इतक्या उन्हाचं?"

"हजेरी घ्यायला," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी समोर दिसलो तेव्हा ते जरा वरमले. मीही वरमलो. दोघांनी मिळून मोपेडचं सीट पुसलं.

"त्या बाईचे हात नऊ तास मोकळे आहेत, ते माझ्यामुळे," ते म्हणाले. "कापड शिवलं मी, पण कापड म्हणजे काच नाही. तेवढा वेळ कुणीतरी त्याच्याकडे बघायला नको? मी कामावर गेल्यावर तिला सांगतो, आहे ठीक. मग तिचा हात चालतो."

"साहेब, तुमचा यावर विश्वास आहे? मला तर वाटत होतं तुम्ही..."

"विश्वास कसला. असं काही नसतं हो चौधरी, मला काय कळत नाही?" ते दवाखान्याच्या भिंतीकडे बघत होते. "कुसुमने माझ्या नावाच्या बांगड्या एकतीस वर्षं घातल्या. उपास केले, वडाला फेऱ्या मारल्या. मी जगलो, बघा, चांगला ठणठणीत आहे. ती गेली. तिच्यासाठी अंगावर घालायचं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. पुरुषाला काही देतच नाहीत घालायला. माझं सगळं आयुष्य लोकांचे कपडे बघण्यात गेलं, आणि हे माझ्या लक्षात आलं ते ती गेल्यावर."

मी म्हणालो, "उशीर होतोय." ते म्हणाले, "होतोय खरा." आणि मोपेडला लाथ मारली. हा माणूस नास्तिक आहे असं ज्यांना ज्यांना मी सांगितलं होतं, त्यांना दुसऱ्या दिवशी जाऊन, नाही, तसं काही नाही, असं सांगून आलो. कारण काही सांगितलं नाही.

मॅडम ठरल्या दिवशी आल्या. दाढ्यांच्या जाळ्या पाहिल्या, आरशावरच्या टिकल्या पाहून हसल्या, एका ओळीतल्या खणांपुढून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि मोबाइलच्या पाटीपाशी नाक दाबून परतल्या. सुगंधाबाईच्या टेबलाशी त्यांनी तिची बाही उलटून पाहिली. आठ हिरव्या कड्या, एकही धागा सुटलेला नाही.

"हे काय?"

"अस्तर," शिंपी साहेब म्हणाले.

मॅडमनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा सुगंधाबाईकडे. त्या स्वतःही बांगड्या काढून आल्या होत्या. वहीत त्यांनी लिहिलं, "अस्तर, ठीक." आणि बाही परत सरळ केली.

भागवतचा ताप त्यानंतर चार दिवसांनी उतरला. हाडाला दोन महिने लागले. मग एका सकाळी तो काठी टेकत, सुगंधाबाईचा खांदा धरत, स्वतःच्या पायांनी दापोऱ्याला घरी गेला. ती इच्छापूरला जाऊन नवस फेडून आली, चाचांनी आपला नेम मोडून तिला सहज निघतील अशा सैल बांगड्या भरल्या, तरी कामावर ती आजही त्याच बाहीचा ॲप्रन घालते.

गेल्या महिन्यात शिंपी साहेब पहिल्यांदाच कामावर आले नाहीत. फोनवर म्हणाले, थोडी कणकण आहे. फाटकावर मला उभं केलं. त्या दिवशी मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही. पहिल्या वीस मिनिटांत बिल्ले इकडचे तिकडे झाले आणि युसूफभाईंना गणपतीचं लॉकेट मिळणार हे स्पष्ट दिसू लागलं. जेवणाच्या सुट्टीत, आता काय करायचं हे विचारायला मी सिंधीपुऱ्यात साहेबांच्या घरी गेलो.

जिना चढून वर आलो तर दार उघडंच होतं. साहेब खाटेवर पडलेले, अंगावर गोधडी, तोंड लाल. आणि खाटेजवळ स्टुलावर, काठी गुडघ्यांत धरून, भागवत बसला होता. मान जरा पुढे काढून तो साहेबांच्या छातीकडे बघत होता.

"भागवत, तू इथे कसा?"

"हळू बोला चौधरी बाबू," तो म्हणाला. "एक वाजला ना. सकाळी फाटकावर साहेब दिसले नही तर बाईनं फोन केला, म्हने जाऊन पाहून ये. बसने आलो." मग मला हिशेब दिल्यासारखं म्हणाला, "ताप आहे. श्वास बराबर आहे."

तो पायऱ्या कसा चढला असेल, हे मी त्या कंबरेकडे बघून मनात आणलं आणि खाली बसलो.

साहेबांनी डोळे उघडले. आधी मला पाहिलं. "चौधरी, बिल्ले कुणाकडे देऊन आलात?" मी सांगितलं रशीदाकडे. "मग ठीक आहे," म्हणाले. मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. ते भागवतकडे बघतच राहिले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. तापाने डोळ्यांना पाणी येतं असं कुणी म्हणेल, पण मी तिथे होतो.

"कायले आलास इतक्या उन्हाचा?" साहेब त्याच्याच बोलीत म्हणाले.

भागवत लाजला. त्याने काठी इकडची तिकडे केली. "उद्या पन येतो साहेब," तो म्हणाला.

"उद्या मी कामावर असेन," शिंपी साहेब म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून वळले. मग तसंच भिंतीकडे तोंड ठेवून ते म्हणाले, "पण ये."